दातदुखीचा महिना

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की चाकणच्या कारखान्यांतल्या इंजिनिअर लोकांचे दात दुखायला लागतात. आधी एकाचा, मग त्याच्या शेजारच्याचा, आणि महिना संपेपर्यंत अख्ख्या क्वालिटी डिपार्टमेंटला कीड लागलेली असते. पगारवाढीची पत्रं नुकतीच हातात पडलेली असतात, जेवणाच्या सुट्टीत ती एकमेकांपासून लपवून झालेली असतात, आणि मग रजेचे अर्ज सुरू होतात. पूर्ण दिवस हवा असेल तर गावाकडचं लग्न, अर्धा दिवस हवा असेल तर दात. आमचे आधीचे मॅनेजर सही करताना मान वर न करता विचारायचे, "वरचा का खालचा?" त्यांचा स्वतःचा दातही त्याच महिन्यात दुखत होता, हे ते सोडून गेल्यावर कळलं. मुलाखतींचा मोसम आमच्याकडे असा येतो.

यंदा त्याची वर्दी मला दिली ती चिंचवडच्या आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याने. आम्ही आठवड्याचे सहा दिवस कंपनीचा राखाडी युनिफॉर्म घालणारी माणसं. त्यामुळे मधल्याच वारी कुणाचा पांढरा शर्ट इस्त्रीला आला की त्याला काय ते समजतं. माझा शर्ट त्याने उलटसुलट करून पाहिला. "कुठं ताई, तळेगाव का रांजणगाव?"

"लग्न आहे," मी म्हटलं.

"लग्नाला पांढरा शर्ट? बरं, बरं." त्याने तो घड्यांच्या ढिगात सगळ्यात वर ठेवला. मुलाखतीचे कपडे तो आधी करतो, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

गरम कापडाचा तो वास नाकात घेऊन मी घरी आले आणि सहा वर्षांमागच्या उन्हाळ्यात जाऊन पोचले. त्या उन्हाळ्यालाही वासच फार होते. नाशिक रस्त्यावर चाकणच्या बाजाराकडे निघालेल्या कांद्याच्या गाड्यांचा वास. आमच्या युनिफॉर्मला चिकटलेला, कितीही धुतला तरी न जाणारा, कारखान्यातल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या तेलाचा वास. मोशीच्या पुलावर इंद्रायणीचा, ज्यासाठी बसमधली सगळी माणसं एका दमात खिडक्या लावून घ्यायची. आणि पुलाच्या जरा अलीकडे बसमध्ये चढणाऱ्या रूपालीच्या पिशवीतून येणारा ठेच्याचा.

रूपाली माझ्याच डिपार्टमेंटमधली, माझ्याच वयाची. पत्र्याचे ब्रॅकेट दाबून काढणाऱ्या एकाच कारखान्यात आम्ही दोघी क्वालिटी इंजिनिअर होतो. पण मी परभणीकडची, चिंचवड स्टेशनमागे तीन मुलींबरोबर एका खोलीत राहणारी; आणि ती मोशीच्या जुन्या गावकरी घरातली. शेताच्या जागी त्यांची चार मजली इमारत उभी होती आणि तिच्यात माझ्यासारखीच माणसं भाड्याने राहत होती. तिला नोकरीची गरजच काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मग घरी बसून काय भाडेकरूंच्या टाक्या भरू व्हय?"

त्या वर्षी एका मोठ्या वाहन कंपनीत एक जागा निघाली. त्यांना माल पुरवणाऱ्या कारखान्यांमध्ये जाऊन मालाचा दर्जा तपासायची नोकरी. जागा एक, अर्ज आम्हा दोघींचे. लेखी झाली, तांत्रिक मुलाखत झाली, आणि दोघींनाही एकाच दिवशी मेल आला की शेवटची फेरी 'बिहेवियरल' आहे. मायक्रोमीटर, गेज, ऑडिट, सगळं आम्हाला येत होतं. पण "अशी एक वेळ सांगा, जेव्हा सहकाऱ्याशी तुमचे मतभेद झाले," याचं उत्तर आम्हाला ना कॉलेजात कुणी शिकवलं होतं, ना कारखान्यात. आमच्याकडे मतभेद झाले की माणसं दोन दिवस बोलत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी चहाला एकत्र जातात. यात सांगण्यासारखं काय असतं?

मोबाइलवर टाय लावलेला एक माणूस हे सगळं समजावून सांगायचा. आधी प्रसंग, मग तुमची जबाबदारी, मग तुम्ही काय केलंत, मग निकाल काय लागला. "चार पुडांचा डबा हाय बघ," रूपाली म्हणाली. "आमटी सांडून भातात गेली की नापास." आमची तयारी बसमध्येच चालायची, कारण चिंचवड ते चाकण हा रस्ता तेव्हाही कुणाला वेळेवर पोचू देत नव्हता. ती मला प्रश्न विचारायची, मी तिला. मागच्या सीटवर बाळूदादा म्हणून एक जुने ऑपरेटर बसायचे. त्यांना हे सगळं ऐकू जायचं. एकदा न राहवून म्हणाले, "ओ म्याडम, भांडान झालं तर मिटवायचं. लोकांना सांगत कशापायी फिरायचं?"

माझी तयारी दोनशे पानी वहीत होती. प्रत्येक उत्तर लिहून काढलेलं, खाली रेघ मारलेली, पाठ केलेलं. रूपालीकडे वही नव्हती. ती नुसतं सांगायची, दर वेळी थोडं वेगळं, आणि दर वेळी आधीपेक्षा चांगलं. सुपरवायझरशी झालेल्या वादाची तिची गोष्ट ऐकताना ड्रायव्हरसुद्धा आरशातून मागे बघायचा. माझ्याकडे खरं तर तिच्यापेक्षा मोठा प्रसंग होता. एका पाळीत ब्रॅकेटच्या वाकणाला केसाएवढी चीर मला दिसली होती आणि मी सगळ्यांच्या शिव्या खात लाइन बंद पाडली होती. पण मी ते सांगायला लागले की ऑडिटचा रिपोर्ट वाचल्यासारखं व्हायचं. एके दिवशी रूपाली म्हणाली, "थांब, मी सांगते तुझं, तू ऐक." आणि तिने सांगितलं. चीर कशी बोटाला आधी लागली आणि डोळ्याला नंतर दिसली, प्रेस थांबल्यावर शेडमध्ये कशी शांतता पडली आणि त्या शांततेत सगळ्यांच्या माना माझ्याकडे कशा वळल्या. माझ्या अंगावर काटा आला. प्रसंग माझा होता, आणि तिच्या तोंडी तो जास्त खरा वाटत होता.

हेवा म्हणणं हा सभ्यपणा झाला. मी जळत होते. तिच्या बोलण्यावर जळत होते, तिच्या हसण्यावर, सकाळी तिच्या चेहऱ्यावर असलेल्या पुऱ्या झोपेवर. सगळ्यात जास्त कशावर, तर ही मुलाखत तिच्या हातून गेली तरी तिच्या घरात काहीच बदलणार नव्हतं यावर. संध्याकाळी तिची आई तिला चहा देणार होती आणि म्हणणार होती, मरू दे ती कंपनी. मला असं म्हणणारं पुण्याच्या अलीकडे-पलीकडे कुणी नव्हतं. धाकट्या बहिणीचं कॉलेज माझ्यावर होतं आणि गावी आई दर फोनला "झालं का गं तुझं?" एवढंच विचारायची. आणि त्याच दिवसांत रूपालीच्या पिशवीत माझ्यासाठी वेगळा डबा असायचा. बाजरीची भाकरी, ठेचा, कधी मासवडी. "आईनं दिलाय, खानावळीचं खाऊन वाळली म्हणती ती पोरगी." मी तो चाटूनपुसून खायचे आणि जळायचे. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी म्हणतात, ती मी.

आता तो रस्ता पार बदललाय म्हणतात. जिथे बस तासभर अडकायची तिथे आता दीड तास अडकते, एवढाच फरक. पण चिंबळी फाटा आला की माझी नजर अजून आपोआप खाली जाते, कारण ते मी तिथे बोलले होते.

मुलाखतीला दोन दिवस राहिले होते. बस चिंबळी फाट्याला उभी होती, पुढच्या गाडीतून कांद्याची सालं उडून आमच्या खिडकीत येत होती. रूपालीने अंगावरचं साल झटकलं आणि विचारलं, "तो चुकीचा प्रश्न आला तर काय सांगू गं? सगळ्यात मोठी चूक कोणती केली, तो?"

तिची मोठी चूक मला माहीत होती. आमच्याकडे प्रत्येक प्रेसपाशी एक तक्ता असतो. दर तासाला क्वालिटीच्या माणसाने एक नग उचलायचा, मापायचा आणि त्या तासाच्या रकान्यात माप लिहायचं. कामाची घाई असली की पुढच्या तासाचा रकानाही आत्ताच भरून टाकायचा, हे आमच्या पट्ट्यात बरेच जण करतात आणि कुणीच कबूल करत नाही. रूपालीने एका महिनाअखेरीला सकाळच्या चहाआधीच पाळीचे आठही रकाने भरून टाकले होते. दुपारी डायमधली, म्हणजे साच्यातली, भोक पाडणारी पिन तुटली आणि ब्रॅकेटला भोक पडायचंच थांबलं. तक्ता म्हणत होता सगळं ठीक आहे. माल गेला, ग्राहकाची लाइन बंद पडली. रूपाली स्वतः तिकडे गेली आणि दोन दिवस उन्हात उभी राहून तिथल्या कंत्राटी बायकांबरोबर एकेक नग निवडत राहिली. कागदावर कारण लागलं ते पिन तुटल्याचं. आधी भरलेल्या रकान्यांचं फक्त मला ठाऊक होतं, कारण ती बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती.

"तेच सांगू का?" ती म्हणाली. "का आपलं ते 'मी कामात फार गुंतून जाते' तसलं कायतरी सांगू?"

क्वालिटीच्या माणसाने न मापता माप लिहिणं, याहून मोठं पाप आमच्या धंद्यात नाही. हे मुलाखतीत सांगणाऱ्याला कोण घेईल? माझी पक्की खात्री होती की कुणीच नाही. मी तिच्याकडे वळले आणि अगदी मायेने म्हणाले, "खरं सांग. रकान्यांसकट सांग. मोठ्या कंपन्यांना खरं आवडतं."

तिने माझा हात दाबला. "तू हायेस म्हणून बरं हाय बाई."

ते मी बेसावधपणे बोलले नव्हते. गैरसमजातून नाही, मैत्रीतून तर नाहीच. तिने पडावं म्हणून बोलले होते. बस सुटली तेव्हा मला हलकं वाटत होतं, हेसुद्धा लिहून टाकते.

माझी मुलाखत अकराला झाली. समोर तिघं होती. चुकीचा प्रश्न चष्मा लावलेल्या एका बाईंनी विचारला. मी वहीतलं उत्तर दिलं, की मी फार परफेक्शनिस्ट आहे, त्यामुळे कधी कधी कामाला वेळ लागतो. त्या म्हणाल्या, "हा स्वभाव झाला. चूक सांगा." मी तेच उत्तर जरा वेगळ्या शब्दांत दिलं. त्यांनी पेनला टोपण लावलं. त्या टोपणाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

रूपालीची जेवणानंतर झाली. तिने सगळं सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, आठही रकान्यांसकट. आणि पुढचंही सांगितलं, जे मी हिशेबात धरलंच नव्हतं. त्या दोन दिवसांच्या उन्हानंतर तिने आपल्या प्रेसपाशी एक ट्रे ठेवला होता, आठ खणांचा. दर तासाला मापलेला नग त्या तासाच्या खणात ठेवायचा. रकाना भरलेला आणि खण रिकामा असेल तर येता-जाता कुणालाही दिसावं. कुणी सांगितलं नव्हतं, तिने आपल्या मनाने केलं होतं. मीही त्या ट्रेजवळून रोज जात होते, आणि तो तिथे का आहे हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. त्या चष्म्याच्या बाई म्हणे अर्धा तास त्या ट्रेबद्दलच विचारत होत्या.

फोन पुढच्या बुधवारी बसमध्येच आला, कुरुळीच्या आसपास. ती किंचाळली. सगळी बस उठून उभी राहिली. तिने मला मिठी मारली आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "हिनं सांगितलं म्हणून खरं बोलले मी! हिच्यामुळं झालं!" बाळूदादांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तिच्या आईने पाठवलेल्या पेढ्यांतला पहिला पेढा मला मिळाला. मी दुसऱ्यासाठी खड्डा खणला आणि तिला त्यात पाणी लागलं. वर विहीर खणून दिल्याबद्दल आभारही माझेच.

मत्सर एकदा फसला की थंड होतो, असं वाटत असेल तर तसं नसतं. त्याला फक्त नवी कारणं लागतात. ती चढत गेली, मी तिथेच राहिले. तिच्या हाताखाली नव्या मुली आल्या की ती त्यांना सांगायची, माझी एक मैत्रीण आहे शुभांगी, तिने मला खरं बोलायला शिकवलं. त्यातल्या दोघींनी मला फोन करून आभार मानले आहेत. आमच्या कारखान्यातही हे पसरलं. दर एप्रिलला दातदुखीवाली मुलं-मुली जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे येतात, "मॅडम, चुकीच्या प्रश्नाला काय सांगू?" मी म्हणते, खरी सांग. मला विचारलं तर माझ्याकडे एक तयार चूक आहे. ड्रॉइंगची जुनी प्रत वापरली गेली, नंतर लक्षात आलं, दुरुस्ती केली. तिला कुठेच धार नाही, कुणाला लागणार नाही.

यंदा मात्र दात माझाच दुखतोय. आमचा प्रेसचा विभाग परराज्यात हलवणार आहेत. ज्यांना जायचं त्यांनी जावं, बाकीच्यांनी आपापलं बघावं. बहीण लग्न होऊन गेली, आणि आईला मी दोन वर्षांपूर्वी चिंचवडला आणलं. तिला आत्ता कुठे इथल्या बायकांत बसायची सवय लागली आहे. तिला उचलून पुन्हा नव्या मुलखात न्यायचं माझ्या जिवावर आलं होतं. तेवढ्यात रूपालीचा फोन आला. तिच्याच विभागात जागा होती. "मी तुझं नाव देते. पण आधी तयारी करू. रविवारी ये सकाळी लवकर, कुरडया हायेत, गच्चीवरच बसू."

गच्चीवर पांढरं धोतर अंथरलेलं, चार कोपऱ्यांना विटा, आणि त्यावर ओल्या कुरडयांच्या रांगा. चारी बाजूंना इमारती, मधे कुणाच्या तरी शेताचा एकच उरलेला, गहू कापून नेलेला तुकडा. रूपालीच्या आईने कुरडयांचा गरम चीक आणि वर साखर घालून वाटी हातात दिली. "आलीस व्हय गं? आधी चीक खा, मग काय ती परीक्षा द्या." त्या खाली गेल्या. रूपाली सोऱ्या दाबत कुरडया घालत होती आणि प्रश्न विचारत होती, मी कावळे हाकत उत्तरं देत होते. तीन-चार प्रश्न बरे गेले.

"आता सगळ्यात मोठी चूक," ती म्हणाली.

मी जुन्या ड्रॉइंगचं सांगितलं. तिने सोऱ्या बाजूला ठेवला.

"हे न्हाई चालायचं. चूक हाय, पण तू कुठंच न्हाईस त्यात. खरी सांग."

"खरीच आहे."

"शुभांगे, तूच शिकवलंस ना मला? मग? खरी सांग की."

मला पश्चात्ताप झाला म्हणून मी बोलले असं लिहायला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. मला राग आला. पुन्हा ही बरोबर होती, पुन्हा हिला एका वाक्यात कळलं होतं की माझं उत्तर पोकळ आहे, आणि हातात तिच्याच घरची वाटी होती. त्या रागात मी म्हणाले, "चिंबळी फाट्याला तुला रकान्यांचं सांगायला सांगितलं ना मी, ते तू पडावीस म्हणून सांगितलं होतं. जागा मला मिळावी म्हणून. ती माझी सगळ्यात मोठी चूक."

खाली कुणाची तरी मोटर सुरू झाली आणि टाकीत पाणी पडायला लागलं. एक कावळा येऊन कुरडई घेऊन गेला, दोघींपैकी कुणी हाकलला नाही.

"म्हंजी मला घेऊ नये म्हणून?" तिने हळू विचारलं.

"हो."

"आन् मी सहा वर्षं पोरींना तुझं नाव सांगत बसले."

तिने सोऱ्यात चीक भरला, दांडा घट्ट केला आणि एक कुरडई घातली. ती वाकडी झाली. ती तिने तशीच राहू दिली. मग म्हणाली, "पुढचा प्रश्न. पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?" मी काहीतरी उत्तर दिलं. तिने आणखी दोन प्रश्न विचारले, अगदी परक्या आवाजात, आणि म्हणाली, झालं. मी निघाले तेव्हा ती जिन्यापर्यंतसुद्धा आली नाही. तिच्या आईने डब्यात कुरडया बांधून ठेवल्या होत्या. तो डबा घ्यायचा माझा धीर झाला नाही, घाई असल्याचं सांगून मी सुटले. रिक्षात बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मी काय घालवलंय. नोकरी गेली, आणि रूपालीही गेली. आईला काय सांगायचं याची मी वाटभर जुळवाजुळव करत होते.

सोमवारी दुपारी फोनवर तिच्याकडून एक फोटो आला. बरोबर शब्द एकही नाही. त्यांच्या कंपनीच्या शिफारशीच्या फॉर्मचा फोटो होता. माझं नाव, माझा अनुभव, सगळं नीट भरलेलं, आणि खाली पाठवल्याची खूण. शेवटच्या रकान्यात विचारलं होतं, या उमेदवाराची शिफारस तुम्ही का करता? तिने लिहिलं होतं, "स्वतःची चूक स्वतः सांगते. वेळ लागतो."

मी प्रेसच्या आवाजात उभी राहून ते पुन्हा पुन्हा वाचलं. डोळे भरून आले, ते खरं आहे. पण त्याच्याही आधी, अगदी क्षणभर आधी, मनात जे येऊन गेलं तेही खरं आहे, आणि ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. इतकं नेमकं वाक्य हिलाच कसं सुचतं?